नंबर तिच्या हाती, निर्णयही तिचाच

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



दुपारची वेळ आहे. कोणी वावरात असाल, कोणी जेवण आटोपून टेकला असाल. आजचा विषय असा आहे, की ऐकताना काही जणींना रेडिओचा आवाज कमी करावासा वाटेल. करा. घरात ऐकणं सोयीचं नसेल तर बंद करा. हे बोलणं अंकात छापून येणार आहे. गटाच्या बैठकीत एकीनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

आमच्या गटात एक वहिनी होत्या. बैठकीला यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या, हप्ता द्यायच्या आणि निघायच्या. एकदा कपाळावर खोक घेऊन आल्या. "न्हाणीत पाय घसरला," म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि कोणीच काही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात मनगट सुजलेलं. तेव्हा एकीला राहवलं नाही. तिनं वहिनींचा मोबाइल घेतला, त्यात महिला हेल्पलाइनचा नंबर टाकला आणि नावही तसंच लिहिलं, 'महिला हेल्पलाइन'. आम्हाला वाटलं, मोठं काम झालं. त्या रात्री नवऱ्यानं फोन चाळला. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. वहिनी तीन महिने बैठकीला आल्या नाहीत. मग एक दिवस आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मले विचारलंच नाही, माहा फोन कोण पाह्यते म्हणून."

त्या एका वाक्यानं आम्हाला जे शिकवलं, तेच आज सांगायचं आहे. मदतीचे नंबर पुष्कळ आहेत, फुकट आहेत, कामाचेही आहेत. पण नंबर द्यायच्या आधी तिला विचारायला हवं, तिचा फोन सुरक्षित आहे का ते बघायला हवं, आणि पुढचं पाऊल तिनं ठरवायला हवं. आपण सोबत चालायचं.

आपल्यातल्या किती जणी?

२०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चौघींत एकीनं सांगितलं, की नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. म्हणजे बारा जणींच्या गटात दोन-तीन. पोळ्याला, गौरीला, हळदीकुंकवाला आपल्या शेजारी बसणाऱ्या याच बायका.

त्याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. देशभरात मार किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या शंभर बायकांपैकी ७७ जणींनी कोणाची मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागणाऱ्या फक्त १४. त्यांच्यातल्याही बहुतेक माहेरच्या माणसांकडे गेल्या. पोलिसांपर्यंत पोचलेल्या अगदी थोड्या.

म्हणजे ती बोललीच, तर पहिल्यांदा आपल्यासारख्या कोणाशी तरी बोलणार. त्या वेळी आपण काय म्हणतो, यावर ती पुढे बोलेल की कायमची गप्प बसेल हे ठरतं.

मार म्हणजेच हिंसा, असं नाही

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ सालचा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. या कायद्यात हिंसेचे चार प्रकार आहेत.

पहिला, शारीरिक: मारणं, ढकलणं, चटके देणं. दुसरा, लैंगिक: तिच्या मनाविरुद्ध शरीरसंबंध, लाज वाटेल असं वागायला लावणं. तिसरा, शाब्दिक आणि मानसिक: शिव्या, धमक्या, पाणउतारा. मूल होत नाही किंवा मुलगाच होत नाही म्हणून टोमणे मारणं, हेही कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. चौथा, आर्थिक: घरखर्चाला पैसे न देणं, तिची वेचणीची मजुरी काढून घेणं, तिचे दागिने तिला न विचारता विकणं, घरातल्या वस्तू तिला वापरू न देणं.

हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, सून, विधवा, लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखी एकत्र राहणारी बाई, या सगळ्यांसाठी आहे. तक्रार फक्त पुरुषाविरुद्धच करता येते असंही आता राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली ती अट काढून टाकली. त्यामुळे छळ सासूनं किंवा नणंदेनं केला असेल, तर त्यांच्याविरुद्धही अर्ज करता येतो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. कर्जापायी धनी गेला, आणि तेरावं होत नाही तोच सासरच्यांनी सुनेला लेकरांसह बाहेर काढलं, असं आपण किती गावांत पाहिलं आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की विधवेलाही सासरच्या सामायिक घरात राहायचा हक्क आहे. अर्ज करताना ती प्रत्यक्ष त्या घरात राहत नसली तरी हा हक्क जात नाही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सुनेचा राहण्याचा हक्क केवळ त्या कारणानं संपत नाही, हे त्याच न्यायालयानं २०२० साली सांगितलं होतं. एवढं लक्षात ठेवा, हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. वारसा हक्कानं जमिनीत नाव लावून घेणं हे वेगळं काम आहे, त्याची वाट वेगळी.

तिच्यासाठी तुम्हीही फोन करू शकता

बऱ्याच जणींना वाटतं, "तक्रार तिनंच करायला पाहिजे, आपण मध्ये पडलो तर आपल्यावरच केस व्हायची." तसं नाही. या कायद्याचं चौथं कलम सांगतं, की हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला वाटतं, तो कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूनं कळवलं असेल, तर कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

संरक्षण अधिकारी म्हणजे याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी. तो घडलेल्या गोष्टींचा अहवाल तयार करतो, न्यायालयात अर्ज करायला मदत करतो, दवाखाना आणि निवारा मिळवून देतो. त्याची फी नाही. आपल्या भागासाठी कोण नेमलं आहे हे जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात विचारलं की कळतं.

२००६ सालच्या नियमांत तर फोन आणि ई-मेलचा नाव घेऊन उल्लेख आहे. हिंसा चालू आहे किंवा होणार आहे अशी विश्वासाची खबर फोनवरून किंवा ई-मेलनं मिळाली, तर संरक्षण अधिकाऱ्यानं ताबडतोब पोलिसांची मदत घ्यायची, त्या ठिकाणी पोचायचं आणि अहवाल लिहून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्यायचा. "तालुक्याला या, मग बघू," असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

पण इथेच जपायचं आहे. तिचा जीव धोक्यात असेल, तर तिची परवानगी विचारत बसू नका, ११२ लावा. बाकी वेळी तिला न विचारता तक्रार करू नका. आपण तक्रार करून घरी येतो, तिला मात्र रात्री त्याच घरात झोपायचं असतं.

कोणत्या वेळी कोणता नंबर

हळूहळू सांगतो. पेन असेल तर लिहून घ्या.

एक-एक-दोन, ११२. मारहाण चालू असेल, जिवाची भीती असेल तेव्हा. पोलीस येतात. बोलता येण्याजोगं नसेल तर गाव, वस्ती आणि जवळची खूण एवढंच सांगा.

एक-आठ-एक, १८१. ही महिला हेल्पलाइन. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत. कुठं जावं, काय करावं हे कळत नसेल तेव्हा हा नंबर. गरजेप्रमाणे पोलीस, दवाखाना किंवा सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून देतात. सखी केंद्रांची योजना २०१५ पासून आहे. तिथे एकाच छताखाली समुपदेशन, औषधोपचार, पोलीस आणि वकिलाची मदत मिळते आणि काही दिवस राहताही येतं. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली बाईसुद्धा तिथे जाऊ शकते.

एक-पाच-एक-शून्य-शून्य, १५१००. हा मोफत कायदेशीर मदतीचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. त्याप्रमाणे कोणत्याही बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या उत्पन्नाची अट नाही. वावर असो, नोकरी असो, काही फरक पडत नाही. यवतमाळला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती. साध्या कागदावर अर्ज चालतो, फोनवरून ऑनलाइन अर्जही करता येतो.

एक-चार-चार-पाच-चार, १४४५४. हे टेली-लॉ. यात वकील फोनवर सल्ला देतो. गावातल्या कॉमन सर्व्हिस सेंटरमधून, म्हणजे जिथे आपण दाखले काढतो तिथूनही, वकिलाशी बोलायची वेळ घेता येते. बायकांना पैसे पडत नाहीत. केस करायची की नाही हे ठरलेलं नसताना नुसतं विचारायचं असेल, तर हा नंबर सोयीचा.

एक-चार-चार-एक-सहा, १४४१६. हे टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र आणि मराठीतही बोलतात. झोप लागत नाही, सारखं रडू येतं, जगावंसं वाटत नाही, अशा वेळी. "मी काय येडी आहे काय?" असं ती म्हणेल. तिला सांगा, ताप आला की दवाखान्यात जातो, तसंच हे.

लेकरांना त्रास होत असेल तर १०९८. राज्य महिला आयोगाचा नंबर १५५२०९. आयोगाकडे घरबसल्या ऑनलाइन तक्रारही करता येते. आयोग पोलिसांना जाब विचारू शकतो. राहण्याचा किंवा खावटीचा आदेश मात्र न्यायालयच देतं.

कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या बाईला मराठीत मन मोकळं करता येत नसेल, तर शेजारी बसून तिचं बोलणं मराठीत सांगणारी तिच्या विश्वासाची बाई सोबत घ्या. तिच्या घरातलं माणूस नको. लेकरू तर नकोच. आईला कसं मारलं हे लेकराच्या तोंडून वदवू नये.

फोन लावायच्या आधी

आता आमची चूक तुम्ही करू नये म्हणून.

आधी विचारा, "वहिनी, तुमचा फोन कोण कोण पाहते?" ज्या बायकांकडे स्वतःचा फोन नाही अशा अजून खूप आहेत, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचाही तो पुष्कळदा घरभर फिरतो.

शक्य तर तिचा फोन वापरूच नका. आशाताईचा, गटाच्या सचिवाचा किंवा माहेरच्या बहिणीचा वापरा. १८१ आणि ११२ हे तीन आकडी नंबर आहेत, ते पाठ करायचे. फोनमध्ये साठवायची गरज नाही.

तिच्याच फोनवरून बोलायचं असेल, तर झाल्यावर यादीतून तेवढाच एक कॉल काढून टाका. सगळी यादी साफ केली तर संशय येतो. काही फोन प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड करतात, ते आधी बघा. हेल्पलाइनवर पहिल्यांदाच सांगा, "मला परत फोन करू नका," किंवा "दुपारी दोन ते तीनमध्येच करा."

व्हॉट्सअ‍ॅप असेल तर त्यातलं 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. तिचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या कुठं जोडलेलं असेल तर तिथे दिसतं. मग नवरा तिचे मेसेज त्याच्याजवळ बसून वाचत असतो. ते एकदम तोडलं तर त्याला कळेल, म्हणून आधी दुसरा फोन शोधा, मग ठरवा. नेटवर काही शोधायचं असेल, तर ब्राउझरमध्ये तीन टिपक्यांवर दाबून 'इनकॉग्निटो' निवडा. त्यात शोधलेलं फोनच्या यादीत राहत नाही.

ऑनलाइन अर्जात मोबाइल नंबर मागतात. घाईत घरचाच नंबर दिला जातो, आणि ओटीपी व पुढचे मेसेज नवऱ्याच्या फोनवर जातात. आधारला आणि बँकेच्या पासबुकाला कोणाचा नंबर जोडला आहे हेही बघून ठेवा. तिनं खात्यातून दोनशे रुपये काढले तरी मेसेज त्याला जात असेल, तर ती यवतमाळला निघाल्याचं त्याला एसटीत बसल्या बसल्या कळेल.

नेटवर फसवणारेही आहेत. कोणतीही सरकारी हेल्पलाइन फी मागत नाही, ओटीपी मागत नाही, एटीएमचा पिन विचारत नाही. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी बहुधा 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' असतं. "पाच हजार टाका, आठवड्यात घटस्फोट," म्हणणाऱ्याला फोटो, कागद, काही पाठवू नका. आणि तिचे खासगी फोटो पसरवायची धमकी कोणी दिली, मग तो नवरा का असेना, तर तो गुन्हा आहे. त्यासाठी सायबर हेल्पलाइन १९३०.

पुरावा जपून ठेवा

धमकीचा मेसेज किंवा आवाजाचा मेसेज आला, तर रागानं पुसून टाकू नका. तसाच राहू द्या आणि एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे पाठवा. जखमेचा फोटो काढा, पण कापू नका, सजवू नका. ज्या फोनमध्ये तो मूळ आहे तो फोनही जपा. फोनमधला पुरावा न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतात.

एका वहीत लिहीत जा: तारीख, वेळ, काय झालं, कोणी पाहिलं. लिहिता येत नसेल तर गटातली एकजण लिहील. वही तिच्या घरी ठेवू नका.

दवाखान्यात गेल्यावर "पडली" असं सांगू नये. खरं कारण केसपेपरवर लिहायला सांगावं. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात असो की गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, त्या कागदाची प्रत घ्यावी. दोन वर्षांनी न्यायालयात तोच कागद तिच्या बाजूनं बोलतो.

न्यायालय काय देऊ शकतं

पुष्कळ जणी केस म्हटलं की घाबरतात. "नवरा जेलात गेला तर लेकरांना कोण पोसेल?" ही भीती खोटी नाही. म्हणून फरक समजून घ्या.

२००५ च्या कायद्याखालचा अर्ज हा मुळात संरक्षण मागण्याचा अर्ज आहे. न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात, की त्यानं मारायचं नाही, तिच्या कामाच्या जागी जायचं नाही, तिला घराबाहेर काढायचं नाही. खावटी, औषधाचा खर्च, नुकसानभरपाई, लेकरांचा तात्पुरता ताबा, तिचं स्त्रीधन परत, हे सगळं या एकाच अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळदा जास्त वेळ लागतो, हे आम्ही लपवत नाही. म्हणून अर्ज देतानाच अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या आदेशाची मागणी करायची. संरक्षणाचा आदेश त्यानं मोडला, तर मात्र तो गुन्हा होतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ती माहेरी आलेली असेल तर अर्जासाठी सासरच्या तालुक्याला जायची गरज नाही. ती सध्या जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. लग्न होऊन मराठवाड्यात किंवा पुण्याकडे गेलेली लेक वणीला, पुसदला माहेरी परत आली, तर अर्ज इथेच.

पोलिसांत गुन्हा नोंदवणं ही वेगळी वाट. आधी जे कलम ४९८-अ म्हणत, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे. आता तक्रार ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. सही राहिली तर तक्रार नोंदवली जात नाही. हद्द आमची नाही, असं म्हणून पोलिसांना परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. दोन्ही वाटा एकाच वेळी धरता येतात, किंवा एकच. ते तिनं वकिलाशी बोलून ठरवावं.

केस दाखल झाली की तिला सीएनआर नावाचा सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर मिळतो. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख कळते. मजुरी बुडवून, तिकिटाचे पैसे घालून तालुक्याला जायचं आणि तारीख पुढे गेल्याचं तिथे कळायचं, हा हेलपाटा त्यानं बराच वाचतो.

आणखी एक. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली, आणि गावोगाव समित्या आहेत. समितीत जाऊन समेट करावासा वाटला तर तिनं जरूर जावं. पण १८१ ला फोन करायला, वकील घ्यायला किंवा न्यायालयात जायला समितीची, सरपंचाची, पोलीस पाटलाची परवानगी लागत नाही. "आधी गावात मिटवा" हा सल्ला आहे, कायदा नव्हे.

ऐकणं हीही मदत

१९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं पोलिसांच्या जागेत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसाच्या टेबलाजवळच एक समाजकार्यकर्ती बसलेली असावी, ही त्यामागची कल्पना. पुढे तसे कक्ष राज्यभर झाले. २००० च्या सुमाराला वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र आलं. तिथे जखम घेऊन आलेल्या बाईला एकटीला बसवून हळूच विचारायला शिकलेली माणसं होती. शहरातल्या या कामाचा धडा आपल्या गटालाही लागू आहे. विचारायचं, पण चारचौघीत नाही. एकटीला, वेळ देऊन.

काय म्हणायचं? "तुमचं काही चुकलं नाही." "आम्ही ऐकतो आहोत." "तुम्हाला काय वाटते, काय करावं?" एवढं पुरतं.

काय म्हणायचं नाही? "तुम्हीच उलट बोलला असाल." "पिल्यावर माणूस तसाच वागते." "लेकरांकडे पाहून सोसा." "आजच घर सोडा." हे शेवटचं वाक्य मायेपोटी येतं, पण घर सोडायची वेळ सगळ्यात धोक्याची असते. तयारीशिवाय निघू नये. आधारकार्ड, रेशनकार्डाची प्रत, पासबुक, लेकरांचे दाखले, थोडे पैसे, एक जोडी कपडे, हे आधीच दुसऱ्या घरी ठेवलेलं असावं.

ती परत त्याच घरी गेली तर रागावू नका. कितीतरी जणी दोन-तीनदा परत जातात. आपलं दार उघडं राहिलं तर चौथ्यांदा ती आपल्याकडे येईल.

आणि ती "आता जगून काय करू" म्हणाली, तर ते नुसतं बोलणं समजू नका. तिला एकटी सोडू नका. तिच्याजवळ बसून १४४१६ लावा. आपल्याकडे घराघरांत फवारणीचं औषध असतं. ते त्या दिवशीच घराबाहेर, कुलुपात हलवा. हे काम लहान वाटतं, पण यानं जीव वाचतो.

गटानं या महिन्यात करायची चार कामं

एक. ११२, १८१, १५१००, १४४१६ हे चार नंबर बैठकीत सगळ्यांनी मोठ्यानं म्हणून पाठ करायचे. सगळ्याच पाठ करतात, म्हणून कोणा एकीवर बोट जात नाही.

दोन. गटातल्या दोघींची निवड करायची. त्यांच्याशी कोणीही, कधीही बोलू शकेल. ऐकलेलं त्यांच्याबाहेर जाणार नाही, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच नाही.

तीन. आपल्या संरक्षण अधिकाऱ्याचा आणि यवतमाळच्या सखी केंद्राचा नंबर मिळवून गटाच्या ठरावाच्या वहीत लिहायचा.

चार. एक खुणेचं वाक्य ठरवायचं. आमच्याकडे ते असं आहे: लेकरू वाटी घेऊन आलं आणि म्हणालं, "आईनं विरजण मागितलं," की शेजारीण काही न विचारता ११२ लावते आणि चार जणींना घेऊन त्या दारात जाते.

त्या वहिनी आता कशा आहेत, असं तुम्ही विचाराल. त्यांनी स्वतः ठरवलं आणि एका दुपारी आशाताईच्या फोनवरून १५१०० लावला. आम्ही शेजारी बसलो होतो, पण बोलल्या त्याच. केस चालू आहे. त्या त्याच घरात राहतात, न्यायालयाच्या अंतरिम आदेशानं. बैठकीला अजूनही भिंतीला टेकूनच बसतात. फक्त आता हप्ता देऊन लगेच उठत नाहीत.

पुढच्या वेळी कोणी "न्हाणीत पाय घसरला" म्हणाली, तर बैठक संपल्यावर तिच्याबरोबर थोडं अंतर चालत जा. आणि हळूच विचारा.